304-अ मधला 'अ' आणि निकालाची शेवटची ओळ

भावाचा कॅनडाचा अर्ज एका भाषांतर करून देणाऱ्या कार्यालयापायी इतका रखडला, की त्याचा राग अजून गेलेला नाही. त्याच्यावर अपघाताची जुनी केस होती, भारतीय दंड संहितेची कलमं 279 आणि 304-अ. साक्षीपुरावा झाला, कोर्टानं सोडलं. निकालपत्र मराठीत. नकलेचा अर्ज दिला, शिक्क्याची प्रत मिळाली. तिथे काहीच अडलं नाही.

भाषांतर हातात आलं तर पहिल्याच पानावर 'कल्पेबल होमिसाइड'! 304-अ मधला 'अ' गाळला होता. 304 म्हणजे सदोष मनुष्यवध, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. 304-अ म्हणजे हयगयीनं मृत्यूस कारणीभूत होणं, जास्तीत जास्त दोन वर्षं. ते त्यांनी कुरकुरत का होईना, बदललं.

खरं घोडं अडलं शेवटच्या ओळीवर. आदेशात होतं, कलम 255(1) अन्वये आरोपीस 'दोषमुक्त' करण्यात येते. त्यांनी लिहिलं 'डिस्चार्ज्ड'. बातम्यांत 'दोषमुक्तीचा अर्ज' म्हणतात तो डिस्चार्जचा, तेच इथे चिकटवलं. पण डिस्चार्ज म्हणजे खटला चालवण्याइतकाही आधार नाही म्हणून आधीच सोडणं. इथे साक्षीदार तपासले, उलटतपास झाला, मग न्यायाधीशांनी दोषी नाही असं ठरवलं. हे अ‍ॅक्विटल. फौजदारी प्रक्रिया संहितेचं 255(1) आहेच अ‍ॅक्विटलचं. काउंटरवरच्या बाईंसमोर कलम उघडून धरलं, तर म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांना असंच देतो."

"अहो मॅडम, कलम तरी वाचा!"

"साहेबांना विचारावं लागेल."

साहेब कधी जागेवर नसत, कधी फोन उचलत नसत. पोरगा निर्दोष सुटलाय, ते कागदावर नीट यावं एवढंच मागत होतो. शेवटी केस चालवलेल्या वकीलसाहेबांचं इंग्रजीत पत्र नेलं, तेव्हा शब्द बदलला. मग भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्रही नव्यानं करावं लागलं. म्हणून सांगतो, आधी कच्ची प्रत मागा, कलमं निकालाशी ताडून बघा, मगच प्रतिज्ञापत्र करू द्या. घरीच करू म्हणाल, तर नातेवाइकाचं भाषांतर कॅनडाला चालत नाही.

आणि हो, 1 जुलै 2024 पासूनच्या अशा गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं 106(1) लागतं. जुन्या निकालाच्या भाषांतरात कुणी ते नवं कलम घालून दिलं, तर कागद तिथेच परत करा.