घरी ओतलेली वजनं: पुळणीचं जमलं, आता खाडी

या हंगामात मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाच्या वजनांचं काम चांगलंच पुढे सरकलंय. घरी ओतलेलं ८५ ग्रॅमचं पिरॅमिड गुहागरच्या पुळणीवर उधाणाच्या पाण्यातही जागा धरून बसतं. गोल गोळी लाटेसोबत लोळत किनाऱ्याला येते आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सैल पडतो. पिरॅमिडची टोकं वाळूत रुततात, त्यामुळे पुळणीसाठी मी दुसरा आकार वापरतच नाही.

शिसं येतं टायरच्या दुकानातून, चाकांची जुनी वजनं. त्यात हल्ली जस्ताचे तुकडे खूप मिसळलेले असतात. नख लावून बघा. शिशावर ओरखडा उठतो, जस्तावर उठत नाही. लादीवर टाकलं तर शिसं थप्प पडतं, जस्त ठणकन वाजतं. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. म्हणून आच ४०० च्या खाली ठेवली की एखादा तुकडा नजरेतून सुटला तरी तो वर तरंगतो, लोखंडी क्लिपांबरोबर पळीने काढून टाकता येतो. मग मेणबत्तीचा तुकडा टाकून ढवळायचं. वाफ भपकन पेटते, तोंड लांब ठेवा. काळपट मळी वर येते आणि खाली आरशासारखं शिसं दिसतं.

खरी गोम साच्याच्या तापमानात आहे. शिसं कितीही चांगलं तापवा, ॲल्युमिनियमचा साचा गार असला की वजनावर सुरकुत्या येतात आणि कोपरे भरतच नाहीत. फार तापला की पृष्ठभाग पांढुरका, खरबरीत निघतो. साच्याला आतून दिव्याची काजळी धरायची, बर्नरच्या कडेला तो तापू द्यायचा आणि सुरुवातीचे नग सरळ परत भांड्यात टाकायचे. कडा धारदार आणि अंग चकचकीत निघालं की साचा लागला असं समजा. चाकांच्या वजनांत शिसं कडक करणारा अँटिमनी हा धातू असतो, त्यामुळे त्याच साच्यातून नग शुद्ध शिशापेक्षा थोडा हलका पण कडक निघतो. खडकावर आपटून चेपत नाही, हा फायदाच.

पावसाळ्यात मी ओतकाम पूर्ण बंद ठेवतो. आपल्याकडची हवा इतकी दमट की पळीवरसुद्धा ओल धरते, आणि वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तरी वाफ होऊन सगळं अंगावर उडतं. चष्मा, चामडी हातमोजे आणि बूट नसतील तर बर्नर पेटवूच नका. काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन, माडाच्या आळ्यापासून आणि विहिरीपासून लांब. भांडी स्वयंपाकघरात परत जात नाहीत. पोरांना जवळ येऊ देत नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्याचा तांब्याही उचलत नाही.

खडपावर मात्र शिसं लावणं मी सोडलंय. वेळणेश्वर, हेदवीच्या खडकात अडकलेलं वजन कायमचं तिथेच राहतं. ब्रिटनने १९८७ मध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी आणली, कारण ती गिळून हंस मरत होते. आपल्याला तांबोशी आणि गोबरा हे मासे त्याच कपारीत हवेत ना? तिथे गंजका बोल्ट पुरतो. तो मुख्य तंगुसापेक्षा बारीक तंगुसाने बांधायचा, म्हणजे अडकला तर फक्त बोल्ट तुटतो आणि मासा हातात येतो.

आता जयगडच्या खाडीसाठी तळात रुतणारे तारेचे चार पाय असलेलं वजन ओतायचंय. ओहोटीला तिथली ओढ पिरॅमिडला ऐकत नाही. तार स्टेनलेसची घ्यायची ठरलीय, पण किती जाडीची हे पक्कं नाही. मी तंगूस जोरात ओढला की पाय वाकून सुटले पाहिजेत, आणि त्याआधी नाही. कुणी दाभोळच्या खाडीत असं वजन वापरलं असेल तर तारेची जाडी नक्की सांगा.