मे महिन्यातला हातमोजा

परवा भर दुपारी वीज गेली. मे महिना, पुणं, शेवटचा मजला. खिडक्या उघडाव्यात तर झळा, लावाव्यात तर भट्टी. मी फरशीवर उताणा पडून पुठ्ठ्याने वारा घेत होतो. तेवढ्यात साडेचार वर्षांच्या नातीने कपाटातून एक पुस्तक ओढून आणलं आणि माझ्या पोटावर आपटलं.

"आबा, हे वाच."

मुखपृष्ठावर बर्फच बर्फ. त्यात पडलेला एक भलामोठा हातमोजा आणि त्यातून डोकावणारी तोंडं. घामाने माझा बनियन पाठीला चिकटलेला, आणि मी वाचायला लागलो, "कडाक्याची थंडी पडली होती..."

गोष्ट युक्रेनमधली जुनी लोककथा. जंगलातून जाताना एका म्हाताऱ्याचा हातमोजा पडतो. त्यात उंदीर राहायला येतो, मग बेडूक, मग ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर आणि सरतेशेवटी चक्क अस्वल. दर वेळी आतले म्हणतात, जागा नाही हो. आणि दर वेळी सरकतात. लोकलमधल्या चौथ्या सीटचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

नातीला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. "ते आजोबा स्कूटीवरून चालले होते का?"

"कोण आजोबा?"

"हातमोजावाले."

मला कळायला थोडा वेळ लागला. तिची आई उन्हात बाहेर पडताना कोपरापर्यंतचे हातमोजे चढवते, तोंडाला स्कार्फ गुंडाळते, फक्त डोळे उघडे ठेवते आणि स्कूटीला किक मारते. पुण्यातल्या अर्ध्या बायका मार्च ते जून याच वेशात दिसतात. नातीच्या हिशेबी हातमोजा ही उन्हाळ्यात घालायची वस्तू. मी म्हटलं, अगं थंडी होती ना, म्हणून घातले होते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आबा आता काहीही सांगायला लागले. "थंडीत कुणी हातमोजे घालतं का?"

तसं तिचं बरोबरच आहे. थंडीत आम्ही माकडटोपी घालतो. पारा पंधराच्या खाली आला की पर्वतीवर माणसं अशी गुंडाळून चढतात जणू पुढचा मुक्काम केदारनाथ. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचं तापमान १.७ अंशांवर आलं होतं, ही नोंद इथल्या काही ज्येष्ठांना अशी पाठ आहे, की त्या पहाटे दूध आणायला तेच गेले होते असं वाटावं. पण हातमोजे? छे.

हे पुस्तक मी लहानपणीही पाहिलं आहे. हेच नव्हे, याचं रशियन भावंड. येवगेनी राचोव या चित्रकाराच्या चित्रांत प्राणी शेतकऱ्यांचे कपडे घालून येतात, आणि पानागणिक त्या हातमोज्याचं घर होत जातं. आधी शिडी लागते, मग खिडकी येते, मग धुराडं. तेव्हा मजकूर मराठीत होता की इंग्रजीत, आता आठवत नाही. मी तो वाचलेलाच नसणार. धुराडं मात्र आठवतं.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माढा तालुक्यात शाळामास्तर होते. सोलापूरला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की पिशवीभर रशियन पुस्तकं घेऊन यायचे. मॉस्कोचं प्रगती प्रकाशन तेव्हा मराठीतही पुस्तकं काढायचं. पुढे १९८२ मध्ये त्यातून रादुगा वेगळं झालं. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. किंमत इतकी कमी, की मास्तरच्या पगारात बसायची. त्या पुस्तकांचा वास वेगळा, कागद जाड, आणि दर दुसऱ्या पानावर बर्फ. केसाळ टोप्या, गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे बूट, वाफाळणारा समोवार. आमच्या गावी सीना नदी होळीनंतर आटायची. आम्ही ओट्यावर बसून घसरगाड्या बघायचो.

त्यातल्या एका चित्रात म्हातारी चुलीवर झोपलेली होती. रशियातल्या त्या भल्यामोठ्या विटांच्या चुली, त्यांच्या माथ्यावर अंथरूण टाकून माणसं खरोखरच झोपत. मी ते चित्र आज्जीला नेऊन दाखवलं. तिने पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "चुलीवर निजत्यात? मग भाकरी कुठं करत्यात?" याचं उत्तर दादांनाही देता आलं नाही.

बर्फ म्हणजे काय हे मला पिंजाऱ्यामुळे कळलं, निदान तसं वाटलं. दिवाळीच्या आगेमागे तो गावात यायचा. खांद्यावर ती धनुकली, तिच्या तारेचा टंग् टंग् आवाज. देवळाच्या पडवीत कुणाची तरी जुनी गादी उसवून बसला की कापूस उडायला लागायचा. त्याच्या भुवयांवर कापूस, मिशांवर कापूस, पडवीच्या तुळयांवर कापूस. आम्ही पोरं त्यात हात घालायचो आणि तो ओरडायचा. हात घातला की आत गरम लागायचं. त्यामुळे बर्फ गरम असतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

गादी पिंजाऱ्याची, पण वाकळ बाईची. आई पुण्याकडची, ती गोधडी म्हणायची. आज्जीच्या तोंडी वाकळच. आणि ती शिवायची उन्हाळ्यात. परदेशी चित्रपुस्तकांत आजी रजई शिवते तेव्हा बाहेर हिमवादळ असतं, शेगडी पेटलेली असते, मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळत असतं. आमच्याकडे थंडीची सगळी तयारी वैशाखात. सुगी उरकलेली, पेरणीला अवकाश. सोप्यात जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, कंदील आणि मी. मी म्हणजे चौथं वजन. हललो की, "बूड टेकून बस की रं." लुगड्यावर मग धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे मांडले जायचे. वरून दुसरं लुगडं. मोठ्या नेढ्याची सुई, चारपदरी दोरा. ओवायचं काम माझं, कारण आज्जीला नेढं दिसायचं नाही, आणि ती हे कबूल करायची नाही. "दोरा लई जाड आलाय औंदा," म्हणायची.

टाके कडेने सुरू व्हायचे आणि फिरत फिरत मध्याकडे जायचे. मध्यभागी हातभर जागा उरली की ती ज्वारीचे चार दाणे आत सारायची. उपाशीपोटी वाकळ ऊब देत न्हाई, म्हणायची. मग शेवटचा टाका, दोरा दाताने तोडायचा, आणि त्या उन्हाच्या काहिलीत ती आम्हाला वाकळीखाली घालून बघायची. मापाला. आम्ही घामाघूम, ती खूश.

आता एक सांगतो. गोधडीला कुणी 'मायेची ऊब' म्हटलं की मला खाज सुटते. अक्षरशः. कारण त्या वाकळीत ढेकूण होते. तिला चुलीचा, खोबरेल तेलाचा आणि धाकट्या भावाच्या पराक्रमाचा वास होता. ती इतकी जड होती, की अंगावर घेतल्यावर कुशीवर वळायचं तर आधी ठरवावं लागायचं. वर्षातून दोनदा नदीवर धुवायला न्यायची तर पिळायला दोन माणसं लागत. दोन टोकांना दोघं, उलट दिशांना पीळ घालत, मध्ये पाण्याची धार. मग दोन दिवस खडकावर वाळत. माझ्या बाजूला तिला एक भोक होतं आणि त्यात रोज रात्री पायाचा अंगठा अडकायचा. अजूनही झोप लागण्यापूर्वी माझा अंगठा ते भोक शोधत असतो. पंखा पाचवर ठेवून अंगावर काहीतरी घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. बायकोने यावर बोलणं कधीच सोडून दिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून सुनेने एक गोधडी आणली. हातशिलाईची, रंगसंगती जुळवलेली, कोपऱ्याला छोटंसं लेबल. किंमत सांगत नाही, दादांचा वर्षाचा पगार आठवतो. छान आहे. हलकी आहे. तिला भोक नाही. आणि तिच्यातला एकही तुकडा कुणाचाच नाही. आज्जीच्या वाकळीत आम्हाला अंधारातही हाताने कळायचं, हा खरखरीत आज्ज्याचा कोट, हा गुळगुळीत आत्याचा परकर. आत्या माहेरी आली की झोपताना तेवढा भाग स्वतःकडे ओढून घ्यायची. वयाने चाळिशीची बाई, पोरांची आई.

याच प्रदर्शनी गोधडीवर नातीने गेल्या महिन्यात पाणी केलं. कारण पुन्हा चित्रपुस्तक. एझ्रा जॅक कीट्स यांचं ते १९६२ मधलं प्रसिद्ध पुस्तक, लाल कोटातला छोटा पीटर, बर्फात एकटाच हुंदडणारा. घरी येताना तो बर्फाचा गोळा खिशात ठेवतो, उद्यासाठी. रात्री बघतो तर खिसा रिकामा. नातीने हे ऐकलं, फ्रीजमधून बर्फाचे दोन खडे काढले, फ्रॉकच्या खिशात घातले आणि गोधडीवर जाऊन आडवी झाली. थोड्या वेळाने रडत आली. गोधडी ओली झाली म्हणून नव्हे. खिसा रिकामा झाला म्हणून. पुस्तकात आधीच लिहिलं होतं की गं, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "ते तिकडे ना."

त्या पुस्तकातली चित्रं नीट पाहिली तर ती रंगवण्यापेक्षा चिकटवलेलीच जास्त आहेत, कागदाचे, कापडाचे तुकडे कापून. पीटरच्या आईचा चौकटीचा झगा तर कपाटाच्या फळीवर घालतात तसल्या मेणकापडातून कापलेला. आज्जीला हे आवडलं असतं. किंवा म्हणाली असती, मेणकापड कशाला, पाणी धरत न्हाई.

स्वेटरबद्दल लिहायचं होतं. आई एकच स्वेटर दर दोन वर्षांनी उसवायची, लोकर माझ्या दोन्ही हातांवर गुंडाळायची, धुऊन त्या लडीला ओलं असतानाच वजन बांधून टांगायची आणि दोन सुलट दोन उलट करत पुन्हा विणायची, नव्या रंगाची एक पट्टी वाढवून. मी दहावीला होईपर्यंत त्या स्वेटरला पाच पट्ट्या झाल्या होत्या. असो. वीज अजून यायची होती आणि नात झोपायचं नाव घेत नव्हती.

हातमोज्याची गोष्ट संपते अशी. म्हातारा मागे वळून येतो, त्याचं कुत्रं भुंकतं, प्राणी घाबरून चहूकडे पळतात. म्हातारा हातमोजा उचलतो आणि जातो. मी पुस्तक मिटलं.

"मग ते कुठे गेले?"

"कोण?"

"बेडूक, ससा, सगळे. बर्फच आहे ना अजून?"

मी शेवटचं पान पुन्हा उघडून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, गेले असतील आपापल्या घरी. तिला पटलं नाही. मलाही नाही, पण इतक्यात पंखा फिरायला लागला आणि ती पाण्याची बाटली आणायला पळाली.

आज्जी १९८३ च्या जानेवारीत गेली. गेली तेव्हा अंगावर तीच वाकळ होती. रीतीप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण घराबाहेर काढलं आणि स्मशानाच्या वाटेवर, ओढ्याअलीकडच्या बाभळीखाली ठेवून दिलं. आत्याला त्यातला तिच्या परकराचा तुकडा कापून हवा होता. मोठी माणसं नको म्हणाली. तिने फार ताणलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडायला निघताना तिने दादांना एवढंच म्हटलं, "जाता जाता बघ, हाय का तिथं."

मी दादांबरोबर होतो. पहाटेचं धुकं ओढ्यावरून हललं नव्हतं, बोलताना तोंडातून वाफ येत होती. बाभळीखाली काही नव्हतं. गवत तेवढं दबलेलं.

घरी आल्यावर दादांनी पाय धुतले. आत्या पाणी घेऊन उभी होती.

"नेली कुणीतरी," दादा म्हणाले. "बरं झालं. थंडी लई पडलीय."

आत्याने तांब्या खाली ठेवला. जरा वेळाने म्हणाली, "एकट्याला पिळायची न्हाई ती."