आमची वाटचाल: फॉस्फोलॅम्बनची अँटीबॉडी

परदेशी अँटीबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी प्रथिनं) मागवून प्रयोगशाळांना पुरवणं, हा पुण्यातल्या आमच्या व्यवसायाचा पाया. स्वतःचं पहिलं उत्पादन म्हणून आम्ही फॉस्फोलॅम्बन निवडलं. हृदयस्नायूच्या पेशीत कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीच्या पटलातलं हे प्रथिन अवघ्या ५२ अमिनो आम्लांचं. कॅल्शियम परत त्या जाळीत ओढणाऱ्या सर्का पंपाला ते आवर घालतं. सेरीन-१६ वर, म्हणजे साखळीतल्या सोळाव्या आम्लावर, फॉस्फेट लागलं की आवर सुटतो आणि स्नायू लवकर सैल होतो. हृदय निकामी होण्यावर काम करणाऱ्यांना ते मोजावंच लागतं.

अँटीबॉडी तयार करण्यासाठी प्रथिनाचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, सशाला टोचतात. एवढ्या छोट्या प्रथिनात त्यासाठी जागा थोडी. पटलाबाहेर डोकावतात ती सुरुवातीची साधारण ३० आम्लं, आणि वाहकाला बांधायला उपयोगी पडणारी सिस्टीन ही आम्लं तिन्ही (३६, ४१, ४६) पटलाच्या आत. म्हणून पेप्टाइडच्या टोकाला वेगळं सिस्टीन जोडून तिथून ते केएलएच या वाहक प्रथिनाला बांधतो. २७व्या जागी माणसात लायसीन, उंदरात अ‍ॅस्परजीन. पेप्टाइड त्याच्या अलीकडे थांबवल्याने एकच अँटीबॉडी दोघांना चालते.

सशांचं काम नोंदणीकृत प्राणीगृहात होतं. सशाच्या रक्तातलं सीरम आल्यावर ते पेप्टाइड बसवलेल्या कॉलममधून सोडतो आणि तिथे चिकटलेली अँटीबॉडी पीएच २.७ च्या आम्लधर्मी ग्लायसीनने उतरवतो. ती गोळा करायच्या नळीत आम्ल शमवणारं १ मोलर ट्रिस आधीच घालून ठेवायचं. आम्लात रेंगाळली तर तिचे गोळे होतात.

ग्राहक ही अँटीबॉडी वेस्टर्न ब्लॉटमध्ये वापरतात: प्रथिनं जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवतात, आणि अँटीबॉडी चिकटते तिथे पट्टा दिसतो. त्यांचा नेहमीचा प्रश्न एकच: ६ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं प्रथिन २५ च्या आसपास का दिसतं? फॉस्फोलॅम्बनचे पाच रेणू एकत्र राहतात आणि प्रथिनं उलगडणाऱ्या एसडीएस या साबणासारख्या द्रव्यातही सुटत नाहीत. नमुना ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळला की सुटे होतात. अर्धवट तापवला तर मधले पट्टेही उमटतात. आम्ही याचाच परीक्षेसाठी उपयोग करतो. प्रत्येक लॉट एकाच नमुन्याच्या उकळलेल्या आणि न उकळलेल्या भागांवर तपासतो. उकळल्यावर २५ वरून ६ वर उतरतो तो पट्टा खरा, जागेवरच राहतो तो संशयास्पद. शेजारी यकृताचा नमुना हवाच, तिथे काही दिसता कामा नये. जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) नमुना आणि कर्णिकेचा (वरच्या कप्प्याचा) नमुना मिसळू नये, कर्णिकेत हे प्रथिन बरंच कमी असतं.

६ किलोडाल्टनचा पट्टा हरवला तर दोष बहुधा ट्रान्सफरचा, म्हणजे जेलमधून मेम्ब्रेनवर उतरवण्याचा. ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून एवढं लहान प्रथिन आरपार जातं. ०.२ मायक्रॉनचं पीव्हीडीएफ मेम्ब्रेन घ्यावं, बफरमध्ये २० टक्के मिथेनॉल ठेवावं आणि रात्रभर ट्रान्सफर करू नये.

पुढचं उत्पादन सेरीन-१६ च्या फॉस्फेटसाठी. तिथे सीरम आधी फॉस्फेट नसलेल्या पेप्टाइडच्या कॉलममधून काढावं लागतं, नाहीतर ते दोन्ही रूपांना चिकटतं. ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनची मोकळी जागा आधी झाकायला) दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फेट बाळगतं. ३ ते ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्यावं. ऊतक काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये आणि बफरमध्ये फॉस्फेट काढणाऱ्या विकरांना रोखणारं ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड, एवढं पाळलं नाही तर फॉस्फेट आधीच गळून गेलेलं असतं आणि दोष अँटीबॉडीवर येतो. आर१४डेल हा जनुकीय बदल (१४ व्या जागचं आर्जिनीन गळणं) असलेल्या रुग्णांच्या नमुन्यांत पट्टा फिका आला तर लगेच निष्कर्ष काढू नये, ओळखीच्या जागेलगतचं आर्जिनीनच तिथे गळालेलं असतं.

थ्रिओनीन-१७ या शेजारच्या जागेवरही फॉस्फेट लागतं, पण त्याची अँटीबॉडी आम्ही अजून विक्रीला काढलेली नाही. दोन्ही जागा लागून आहेत, आणि १६ वरही फॉस्फेट असताना १७ ची अँटीबॉडी तितक्याच ताकदीने धरते का, हे दुहेरी फॉस्फेटच्या पेप्टाइडवर तपासणं चालू आहे.