ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं का झालं?

नॉर्वे, स्वीडन, ब्रिटनकडच्या जंगलांतले कितीतरी ओढे १९९० नंतर जास्त तपकिरी होत गेले, ग्लासात धरलं तर अगदी कोरा चहाच. पहिला संशय अर्थातच ग्लोबल वॉर्मिंगवर, पण २००७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ५२२ तळी-ओढ्यांचा १९९० ते २००४ चा डेटा आला आणि मुख्य कारण निघालं ॲसिड पाऊस कमी होणं! म्हणजे धुरातलं सल्फर घटलं, मातीतली आम्लता उतरली आणि पालापाचोळा कुजून झालेला जो कार्बन आम्लतेमुळे मातीतच धरून राहायचा तो आता पाण्यात विरघळून बाहेर यायला लागला. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हा रंग बऱ्याच ठिकाणी माती सावरत असल्याची खूण आहे. त्रास मात्र पाणी शुद्ध करणाऱ्यांना, या कार्बनशी क्लोरीनची गाठ पडली की नको ती रसायनं तयार होतात.