सुफ्रँचं ‘एरो’, 1:200 – डोलकाठी पाडायचं ठरलं

फ्रेंच नौसेनानी सुफ्रँच्या ‘एरो’ या 74 तोफी जहाजाचं मॉडेल करतोय, त्याचा हल (जहाजाचं धड) झाला एकदाचा! वॉटरलाइनच, म्हणजे पाण्यावर दिसतो तेवढाच भाग करतोय, साधारण 27 सेंमी भरतोय. खालच्या डेकला एका बाजूला तोफांची 14 दारं, वरच्याला 15, बाकी छोट्या तोफा त्याच्या वर, फ्रेंच 74 तोफी जहाजाचा ठरलेला साचा. दारांची रांग दोन्ही टोकांकडे हलकीशी वर चढते, ती सरळ पट्टी लावून मारली की जहाज एसटीच्या खिडक्यांसारखं दिसतं, म्हणून मास्किंग टेप बाक देऊन चिकटवली आणि मगच भोकं पाडली. वेळ खाल्ला पण लाइन झकास आलीये.

आता मेन मुद्दा. सगळी शिडं फुगवलेलं शोकेसमधलं जहाज करायचं नाहीये. 3 सप्टेंबर 1782, लंकेतल्या त्रिंकोमालीसमोर, संध्याकाळ, एरोची मुख्य डोलकाठी नुकतीच कोसळलीये, हा क्षण करतोय. त्या दिवशी सुफ्रँकडे 14 मोठी जहाजं आणि इंग्रज ॲडमिरल ह्यूजकडे 12, तरी खरा मार खाल्ला तो एरो, इलुस्त्र आणि आजॅक्स या तिघांनीच, कारण बाकीचे बरेच कप्तान लांबूनच तोफा उडवत बसले. डोलकाठीबरोबर निशाणही खाली आलं, इंग्रजांना वाटलं शरण आले, तर सुफ्रँ ओरडत सुटला म्हणे की जहाजाला चारी बाजूंनी पांढरी निशाणं लावा. हो, पांढरीच. फ्रान्सच्या बूर्बाँ राजाच्या नौदलाचं निशाण पांढरंशुभ्र होतं, फ्रेंच तिरंगा क्रांतीनंतरचा, तेव्हा मॉडेलवर पांढरा झेंडा बघून कोणी ‘शरण आलंय का’ विचारू नका, प्लीज.

थोडं सुफ्रँ या माणसाबद्दल, कारण नवीन लोक पण वाचतायत. 1729 चा जन्म, दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधलं मार्क्विसचं (सरदारी) घराणं, पण हा थोरला नव्हे, मग अशा पोरांचं व्हायचं तेच झालं, 1743 मध्ये नौदलात आणि पुढे माल्टाच्या सरदारांच्या पंथात. 1747 आणि 1759, दोनदा इंग्रजांच्या कैदेत. स्वतंत्र स्क्वाड्रन (जहाजांचा ताफा) मिळालं तेव्हा पन्नाशी उलटलेली, मार्च 1781 मध्ये ब्रेस्टहून पाच जहाजं घेऊन निघाला आणि एप्रिलमध्ये आफ्रिकेजवळच्या पोर्तो प्राया इथे, पोर्तुगीजांच्या तटस्थ बंदरात, नांगर टाकून बसलेल्या इंग्रजांवर थेट घुसला. नंतर आपल्या पूर्व किनाऱ्यावर आणि लंकेजवळ ह्यूजशी पाच लढाया, आणि गंमत म्हणजे पाचही लढायांत एकाचंही मोठं जहाज दुसऱ्याच्या हाती लागलं नाही.

म्हणून मला त्याच्या हल्ल्यांपेक्षा त्याची डागडुजी भारी वाटते. जुलै 1782 च्या नागपट्टणमच्या लढाईनंतर कडलूरला ना गोदी ना सामान, तर घरं पाडून तुळया काढल्या, फ्रिगेट (छोटी लढाऊ जहाजं) आणि व्यापारी जहाजांच्या काठ्या उपटून मोठ्या जहाजांना लावल्या, मध्येच 26 जुलैला हैदर अलीला भेटून आला (इतका जाडा की गालिचावर बसता येईना, उशा द्याव्या लागल्या), 1 ऑगस्टला परत समुद्रावर आणि महिनाअखेर त्रिंकोमाली ताब्यात! इंग्रज मात्र मद्रासला. आणि आपल्याकडचं सांगायचं तर त्याच वर्षीच्या मे महिन्यात ग्वाल्हेरजवळ महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह केला होता, म्हणजे मराठ्यांची आघाडी बंद आणि कंपनीला हैदर व फ्रेंचांकडे बघायला मोकळीक. सुफ्रँला वेळ कमी होता तो असा.

कप्तानांवर तो भयंकर चिडायचा, काहींना परत पाठवलं पण. सगळे भित्रे होते हे मला पटत नाही. डोक्यातला प्लॅन नीट समजावून सांगायचा नाही आणि मग सिग्नल कळला नाही म्हणून ओरडायचं, यात त्याचाही वाटा आहेच की. शिवाय काही जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे होते, काहींच्या नव्हते, मग सगळी एका वेगाने येणार कशी?

बरं, कामाकडे. डोलकाठ्या बांबूच्या काड्यांच्या. मुख्य काठी डेकच्या थोडी वर मोडायची, सुरीने कापली तर कट स्वच्छ येतो आणि खोटा दिसतो, म्हणून चारी बाजूंनी खाच देऊन हाताने पिळून तोडली, मस्त फाकलेले रेशे निघाले, त्यांना फक्त फिकट पिवळा रंग, कारण आतलं लाकूड ताजं असणार. पडलेलं शीड टिश्यूचं, पातळ फेविकॉलमध्ये बुडवून कठड्यावरून खाली सोडलं, वाळायच्या आत चिमट्याने घड्या पाडल्या.

आता उरलं तुटलेलं रिगिंग, म्हणजे काठ्या-शिडांचे दोर. खरं तर तिथून पुढचा सीन पण करावासा वाटतोय. लढाईनंतर त्रिंकोमाली बंदरात शिरताना सुफ्रँचंच ओरिएंट नावाचं जहाज खडकावर चढून गेलं आणि त्याच्याच काठ्या काढून डोलकाठ्या गमावलेल्या जहाजांना दिल्या, पण त्याला अख्खं दुसरं जहाज लागेल आणि घरात जागा नाहीये. रिगिंगला कॉटनचा दोरा घेतला तर लव दिसते आणि नायलॉन लोंबकळत नाही, ताठ उभा राहतो. या स्केलला सैल पडलेले दोर कोणी केले असतील तर काय वापरलंत ते टाका, रविवारी बसणार आहे.