मी मेल टाकला होता

मागच्या आठवड्यात पर्चेसचे साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "शिरोलीच्या फाउंड्रीवाल्या काकांचं कोटेशन दिसत नाहीये. ते म्हणतात, पाठवलंय. पाच वाजता कोटेशनं उघडायचीत, बघ जरा."

अशा तक्रारी रोजच्याच. निम्म्या वेळा पत्ता चुकलेला असतो, नाहीतर मेल जंकमध्ये पडलेला असतो. जंक उघडा म्हटलं की माणसांना अपमान वाटतो, तो भाग वेगळा. साहेबांचं जंक मात्र रिकामं होतं. म्हणजे क्वारंटाइन. ही कोठडी सर्व्हरवर असते, मेलबॉक्समध्ये दिसत नाही. किल्ली माझ्याकडे, आणि आमच्याकडे 15 दिवसांनी आतलं सगळं आपोआप पुसलं जातं.

कोटेशन तिथेच होतं. हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, उघडला आणि खरं सांगतो, मजा आली. एसपीएफ पर्मएरर, डीकेआयएम नाही, डीमार्क फेल. एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएसमधली, म्हणजे जाहीर नोंदवहीतली, एक ओळ: आमच्या नावाने अमुक सर्व्हरच मेल पाठवतील. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. आणि डीमार्क म्हणजे या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, याची डोमेनवाल्याने दिलेली सूचना. काकांनी नवं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलेलं. त्या कंपनीच्या माणसाने 'ही ओळ टाका' म्हणून पाठवली, आणि पुतण्याने ती जुन्या ओळीत मिसळायची सोडून खाली वेगळी टाकली. एका डोमेनला एसपीएफच्या दोन ओळी झाल्या की समोरचा सर्व्हर एकही मानत नाही. तेवढ्यावर निभावलंही असतं, पण त्याच माणसाने डीमार्कही 'क्वारंटाइन'वर लावून दिलं होतं. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने दिवसाला 5000 मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं, तेव्हापासून दिवसाला दहा मेल पाठवणारेही ते लावून घेतात, कळो न कळो. थोडक्यात, काकांच्याच डोमेनने जगाला सांगून ठेवलं होतं की माझ्या नावाचं हे पत्र कोठडीत टाका.

कोटेशन कोठडीतून सोडलं. साहेब "वा!" म्हणून वळले. तेवढ्यात यादीत खाली काकांचाच आणखी एक मेल दिसला, नऊ दिवसांपूर्वीचा. विषयात हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेल्या मालाचा नंबर, आणि पुढे 'लॉट वापरू नये'.

आत चारच ओळी. या हीटच्या एका पीसला आमच्याकडे ब्लोहोल निघालंय. लॉट मशिनिंगला घेऊ नका. गाडी पाठवून परत नेतो. खर्च आमचा.

साहेबांना परत बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं. 240 पैकी 90 पीस मशिनवर जाऊन आले होते. बिडाच्या आतलं भोक वरून कळत नाही, टूल आत गेलं की उघडं पडतं. तशी बरीच उघडी पडली, आणि त्यावरून काकांना फोनवर झापूनही झालं होतं. मशिनिंगचा खर्च त्यांच्या बिलातून कापायची डेबिट नोट सहीला गेलेली. "मी मेल टाकला होता," असं काका तेव्हा म्हणाले होते म्हणे. उशीर करणारा प्रत्येक सप्लायर हेच म्हणतो, त्यामुळे कुणी शोधायला सांगितलंच नाही. हे कोटेशन अडकलं नसतं तर तो मेल आणखी सहा दिवसांनी पुसला गेला असता.

मी हेडरची प्रिंट काढून दिली. आमच्या सर्व्हरला मेल पोचल्याची वेळ सकाळी 11:42, पहिला पीस मशिनवर चढायच्या आदल्या दिवशीची. डेबिट नोट थांबली.

आता माझं. क्वारंटाइनमध्ये काय अडकलं याची यादी रोज सकाळी ज्याची त्याला जायची. 'हाच एक स्पॅम झालाय' अशी वरून कुरकुर आली, आणि मार्चमध्ये मीच ती बंद केली. एका टिकमार्कचं काम. साहेबांनी यादीचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. सोमवारपासून ती गुपचूप पुन्हा चालू केलीय. दोघांनी लगेच बंद कर म्हणून कळवलंय.

त्या संध्याकाळी पुतण्याला फोनवर धरून दोन ओळींची एक करून घेतली. मग काकांनी फोन हातात घेतला.

"म्हणजे चूक आमचीच झाली की ओ."

"तसं नाही काका," म्हणालो, आणि पुढचं काही सुचेना.