मध्येच ठेवून देता येतील असे गेम

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममधला माझा एक अख्खा दिवस वाया गेला. नागपूरच्या सीताबर्डीवरून घेतलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली आहे आणि तो केवळ भिंतीतल्या प्लगच्या जिवावर चालतो. गेममध्ये मी सगळ्या वाफ्यांना पाणी दिले होते, खाणीत उतरून तांबे आणले होते आणि घरी जाऊन झोपायचे तेवढे राहिले होते, इतक्यात आमच्या गल्लीची वीज गेली. संगणकावर हा गेम आपले पात्र अंथरुणावर पडल्याशिवाय काहीही सेव्ह करत नाही. त्यामुळे वीज आल्यावर मी पुन्हा त्याच दिवशी सकाळी सहाला उठलो आणि तेच वाफे पुन्हा भिजवायला लागलो.

गेममधला एक दिवस आपल्या घड्याळात सुमारे 14 मिनिटांचा असतो, म्हणजे नुकसान फार मोठे नव्हते. पण तेव्हापासून कोणी मला “चांगला गेम सांग” म्हटले, की मी आधी हेच पाहतो की तो मध्येच ठेवून देता येतो की नाही. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात सलग दोन तास मोकळे आणि विजेसकट मिळतील, याची खात्री कोणी देत नाही. दिवसा मी सेतू केंद्र चालवतो आणि हरभऱ्याला घाटे धरले, की रात्री शेतात जागलीला जातो, कारण रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगायी, एका रात्रीत अर्धा एकर साफ करतात. मचाणावर फोनला रेंज नसते. शिवाय कानात हेडफोन घालून केलेली जागल ही जागलच नव्हे, असे बाबांचे म्हणणे आहे आणि ते खरेही आहे, म्हणून तिथे गेम खेळायचा तो आवाज बंद ठेवूनच. रेंज नको, आवाज नको आणि हातातून केव्हाही खाली ठेवता यावा, एवढ्या अटी लावल्या, की मोठ्या कंपन्यांचे बहुतेक गेम आपोआप गळतात आणि उरतात ते इंडी, म्हणजे एकट्याने किंवा चार-दोन जणांनी स्वतःच्या हिमतीवर तयार केलेले. ते लहान असतात, एकदा पैसे दिले की पुन्हा मागत नाहीत आणि दर तासाला इंटरनेट शोधत नाहीत. अर्थात लहान म्हणून चांगला, असे मी मानत नाही, कारण कंटाळवाणे इंडी गेमही मी पुष्कळ विकत घेतले आहेत.

‘स्टारड्यू’ने माझे नुकसान केले असले, तरी पहिली शिफारस त्याचीच करतो, फक्त फोनवर घ्या असे सुचवतो. फोनवरच्या आवृत्तीत दिवस अर्धवट सोडून बाहेर पडलात, तरी तिथूनच पुढे जाता येते. हा गेम एरिक बरोन या एकाच माणसाने साडेचार वर्षे खपून केला, त्यातली चित्रे, संगीत आणि प्रोग्रॅमिंग सगळे त्याचेच आहे, आणि त्या काळात तो सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करत होता. 2016 च्या फेब्रुवारीत गेम आला आणि आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. सुरुवातीला तुम्हाला आजोबांची पडीक जमीन, 500 नाणी आणि पार्सनिप या मुळ्यासारख्या कंदाचे 15 बी मिळते. एक बी 20 नाण्यांना येते, चार दिवसांत पीक तयार होते आणि ते 35 नाण्यांना जाते.

हा हिशेब मी बाबांना एका रात्री दाखवला, तेव्हा त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिले. गेममधल्या घरात एक टीव्ही आहे, त्यावर उद्याचे हवामान सांगतात आणि ते कधीच चुकत नाही. टीव्हीने पाऊस सांगितला, दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि त्या दिवशी पाणी द्यायचे काम उरले नाही. बाबा म्हणाले, “सांगतलं अन् आला बी? असा टीव्ही कोन्या दुकानात भेटते, तेवढं विचारून ठेव.” मग त्यांना अंगणातली ती पेटी दाखवली, जिच्यात माल टाकला की रातोरात ठरलेल्या भावाने पैसे जमा होतात. त्यावर ते हसले नाहीत. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये असताना आमच्या दारी आलेल्या व्यापाऱ्याने ओलाव्याचे कारण सांगून किती कापले, ते त्यांच्या डोक्यात ताजे होते. कावळे मात्र गेममध्येही येतात, पण एका बुजगावण्याने भागते. रोही नाहीत, डुकरेही नाहीत. खरे शेत करणाऱ्याला हा गेम पोरकट वाटेल, अशी माझी समजूत होती, पण शेतात जे जे आपल्या हाती नसते ते सगळे इथे हाती आहे, आणि दिवसभर सरीत वाकलेल्या माणसाला नेमके तेच गोड लागते. मराठीत तो उपलब्ध नाही, एवढीच खंत आहे.

दुसरा गेम माझ्या धंद्यातला आहे. ल्यूकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ 2013 साली आला आणि 2022 पासून तो फोनवरही आहे. आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही कागदपत्रे तपासणारे कारकून असता आणि कथा 23 नोव्हेंबर 1982 ला सुरू होते. समोर माणूस येतो, पासपोर्ट ठेवतो, तुम्ही नाव, फोटो, मुदत आणि शिक्का जुळवून पाहता आणि मंजूर किंवा नामंजूरचा ठसा मारता. दर माणशी पाच क्रेडिट मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, तिसऱ्या चुकीपासून दंड बसतो. संध्याकाळी त्या कमाईतून घरभाडे, जेवण आणि घर गरम ठेवण्याचा खर्च भागवावा लागतो आणि घरी बायको, मुलगा, सासू आणि काका असे चार जण असतात. रोज सकाळी नियमपुस्तिकेत नवी भर पडते, कालपर्यंत चालणारा कागद आज चालत नाही, आणि बाहेरची रांग तेवढीच लांब असते.

हे वाचताना सेतू केंद्रावर कधी उभे राहिलेल्या माणसाला वेगळे काही सांगण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर ‘तुळशीराम’ आणि आधारवर ‘तुलसीराम’ असेल, तर अर्ज परत येतो, आणि तो का परत आला हे समोरच्या म्हाताऱ्याला मलाच सांगावे लागते. गेममध्ये एके दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद चोख असतात. जाता जाता तो सांगतो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी दयेने वागा. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशपत्र नसते. तिला सोडले तर नोंद तुमच्या नावावर लागते, अडवले तर नियमाने तुम्ही बरोबर ठरता. पहिल्यांदा मी तिला अडवले, आणि फोन खाली ठेवून बराच वेळ अंधारात हरभऱ्याकडे पाहत बसलो. त्याच दिवशी दुपारी माझ्या केंद्रात एका आजींचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. निंदण-खुरपण करून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. मी त्यांना “उद्या या” म्हटले होते. दुसऱ्या दिवशी बोटे धुऊन, तेल लावून आम्ही पाच वेळा प्रयत्न केला तेव्हा कुठे ते जमले. गेममुळे मी बदललो वगैरे म्हणणार नाही, मात्र “उद्या या” हे शब्द आता माझ्या तोंडून पूर्वीइतके सहज निघत नाहीत. गेम प्रत्येक दिवसाच्या सुरुवातीला सेव्ह होतो, म्हणून वीज किंवा चार्जिंग गेले तरी फार तर एक पाळी पुन्हा करावी लागते.

जागलीसाठी मात्र माझ्या मते ‘बलाट्रो’ला तोड नाही. मेंढीकोट खेळणाऱ्या कोणालाही तो दहा मिनिटांत समजतो. 2024 च्या फेब्रुवारीत आलेला हा गेम ‘लोकलथंक’ या टोपणनावाने काम करणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने केला आहे. हातात आठ पत्ते असतात, त्यांतून जोडी, क्रम किंवा एकाच चिन्हाचे पाच पत्ते असा डाव लावायचा. समजा तुम्ही राजांची जोडी टाकली. जोडीचे मूळ गुण 10, दोन राजांचे प्रत्येकी 10, असे 30 झाले आणि जोडीचा गुणक 2, म्हणून हाती लागले 60. पहिल्याच फेरीत 300 हवे असतात आणि डाव चारच मिळतात, म्हणजे नुसत्या जोड्यांवर भागणार नाही. इथे जोकर कामाला येतात. साधा जोकर गुणकात 4 मिळवतो, तर तीच राजांची जोडी 30 गुणिले 6, म्हणजे 180 देते. असे 150 जोकर आहेत, प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि एका वेळी सहसा पाचच जवळ ठेवता येतात. कोणता घ्यायचा आणि कोणता विकायचा, यातच रात्र निघून जाते. आवाज लागत नाही, रेंज लागत नाही, आणि बांधावर काही खसफसले की फोन खिशात टाकून बॅटरी मारायला मोकळे. परत आल्यावर डाव होता तिथेच असतो.

पत्ते म्हटले की घरात भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे. यात डावावर खरे पैसे लागत नाहीत आणि लावताही येत नाहीत. युरोपातल्या वयोमर्यादा ठरवणाऱ्या संस्थेनेही त्याला आधी 18 वर्षांवरील ठरवले होते आणि 2025 मध्ये ती मर्यादा 12 वर आणली. तरी परीक्षेच्या दिवसांत हा गेम पोरांच्या हाती देऊ नका, कारण तो पैसे खात नसला तरी वेळ खातो.

आता एक गेम असा सांगतो, जो माझ्या सगळ्या अटी मोडतो. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा पोप यांचाच 2018 मधला गेम आहे, फोनवर मिळत नाही आणि आवाजाशिवाय खेळता येत नाही. 1807 साली ईस्ट इंडिया कंपनीचे एक हरवलेले जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागते आणि त्यावर एकही जिवंत माणूस नसतो. तुम्ही विम्याचे तपासनीस असता आणि 60 जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले, हे नोंदवहीत भरायचे असते. तुमच्याजवळचे घड्याळ घेऊन प्रेताजवळ गेलात, की मरणापूर्वीचे काही क्षण ऐकू येतात आणि मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. सगळे चित्र दोनच रंगांत असते, जुन्या छापील पुस्तकातल्या ठशांसारखे. कोणाच्या नावाची पाटी नसते, म्हणून बोलण्याच्या ढबीवरून, कपड्यांवरून आणि कोण कोणाजवळ उभा आहे यावरून ओळखायचे असते. खलाशांत हिंदुस्थानातले लोकही आहेत. तीन जणांची माहिती अचूक भरली, की मगच गेम ती बरोबर असल्याचे सांगतो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकून चालत नाही. एका खलाशाला मी त्याच्या झोपायच्या झोळीवरच्या आकड्यावरून ओळखले, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घरात कोणालाही उठवून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. वही-पेन घेऊन बसा आणि श्रावणातल्या झडीचे दोन दिवस त्यासाठी राखून ठेवा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो. ‘इन्टू द ब्रीच’मध्ये आठ बाय आठच्या पटावर शत्रूची पुढची चाल आधीच दिसते, त्यामुळे हरलात तर दोष स्वतःकडेच राहतो आणि बुद्धिबळप्रेमींना तो आवडेल. ‘हॉलो नाइट’ अतिशय सुंदर आहे, पण गेमपॅडशिवाय आणि संयमाशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि 2025 च्या सप्टेंबरात आलेला त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ त्याहून कठीण आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा 2020 मधला ‘राजी’ मी अभिमानाने घेतला. त्यातले महाल आणि भिंतींवरची चित्रे पाहत राहावीशी वाटतात, मारामारी मात्र मला लवकर एकसुरी वाटली आणि माझ्या लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता. ‘वेन्बा’ हा कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा गेम आहे. आईच्या वहीतल्या डाग पडलेल्या पाककृती जुळवून इडली करायची असते. दोन तासांच्या आत संपतो. माझ्या आईने एवढा एकच गेम शेवटपर्यंत बसून पाहिला, आणि इडलीपात्राच्या थाळ्या कशा रचायच्या ते माझ्या आधी तिनेच सांगितले.

घेण्यापूर्वी एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून आपल्या लॅपटॉपवर चालतो की नाही हे पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्यावे. डाउनलोड मी आर्वीला मित्राच्या दुकानातल्या वायफायवर करतो आणि घरी निघण्यापूर्वी तिथेच एकदा गेम उघडून स्टीम ऑफलाइनवर टाकतो. मागे एकदा ते विसरलो होतो, तेव्हा घरी येऊन लॉगिनसाठी रेंज शोधत गच्चीवर उभे राहावे लागले होते.